मजकूर नसलेली वही

आई गेल्यावर घर आवरताना रद्दीच्या गठ्ठ्यात एक चौकटींची वही सापडली. पहिल्या पानावर शीर्षक होते '७ ते ४'. खाली पेन्सिलीचे ठिपके आणि त्यांवरून निळ्या शाईच्या रेघा. पुढे पानोपानी तेच. तारखा नाहीत, नावे नाहीत. ती जपली जावी म्हणून मी एका संग्रहालयात घेऊन गेलो. तिथल्या गृहस्थांनी पाने चाळली आणि सौजन्यानेच विचारले, "पण यात मजकूर कुठे आहे?" वही घेऊन परत आलो. प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर शोधत राहिलो.

रांगोळीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण ही, की त्याचे साधन रोज झाडले जाते. ताम्रपट टिकतो, दप्तर टिकते. सड्यावर काढलेली रांगोळी दुसऱ्या सकाळी केरसुणीखाली जाते. जुन्या ग्रंथांत या कलेच्या खुणा भेटतात. वात्स्यायनाच्या ६४ कलांत तांदूळ आणि फुलांच्या रचनेची कला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त रंगीत चूर्णाच्या धूलिचित्राचा उल्लेख येतो. पण उंबऱ्यापुढे बसलेली बाई मनात काय मोजत होती, हे त्यांतून कळत नाही.

ते या वहीत आहे. '७ ते ४' म्हणजे मधल्या ओळीत ७ ठिपके. मग दोन्ही अंगांना एकेक कमी करत ४ पर्यंत यायचे, आणि नव्या ओळीचा ठिपका आधीच्या दोहोंच्या मधोमध धरायचा. एकूण ३७ ठिपके, आकार षट्कोनी. '१५ ते ८'चे ठिपके १६९. एवढी मोठी मांडणी दोन आकड्यांत सांगता येते. शेजारणीला गॅलरीतून, बहिणीला पत्रातून. नक्षीही सगळी लक्षात ठेवावी लागत नाही. पुष्कळदा एक पाकळी आठवली की पुरते, उरलेल्या पाच तिच्याच फिरवून येतात.

हा मजकूर विद्वानांनी वाचला तो मद्रासकडे. गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृथिवासन यांनी १९७४ साली तमिळ कोलमवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. मोजकी मूळ चिन्हे आणि ती पुन्हापुन्हा कशी मांडायची याचे नियम, असे या नक्ष्यांचे व्याकरणच त्यांनी संगणकशास्त्राच्या भाषेत मांडले. आपल्याकडे रेघ ठिपके जोडते. कोलमच्या एका प्रकारात ती ठिपक्यांना वळसे घालत जाते. वाचकांनी करून पाहावे: ३ ओळींत ४-४ ठिपके मांडून, तिरकी जाणारी आणि फक्त कडेला वळणारी रेघ काढली, तर एकाच रेघेत सगळे ठिपके वेढले जातात. ४ ओळींत ४-४ घेतले तर ४ वेगळ्या रेघा लागतात. ओळी आणि ओळीतले ठिपके यांचा जो मसावि, तितक्या रेघा. शाळेत रुक्ष वाटलेला मसावि मला असा अंगणात भेटला.

पुनरावृत्तीच्या नक्ष्या काढल्याने मन निवते, असे हल्ली सांगतात. 'झेनटँगल' नावाने त्याची साधनेही विकत मिळतात. निवते खरे. मी स्वतः चौकटींची वही घेऊन बसलो तेव्हा कळले. पुढची रेघ मागच्या रेघेने ठरवलेली असते, त्यामुळे निवडीचा ताण नाही. पण एक ठिपका चुकला तर शेवटी नक्षी जुळत नाही, म्हणून लक्षही सुटत नाही.

मात्र पहाटेची रांगोळी हा आईचा विसावा होता असे मी म्हणणार नाही. ते पाणी भरण्याआधीचे एक काम होते. विसावा कुठे होता, ते वहीचे शेवटचे पान सांगते. तिथे '२१ ते ११' आहे, ३३१ ठिपक्यांची. दोन-दोन इंचांवर ठिपके दिले तरी तिला सव्वातीन फुटांहून अधिक जागा लागते. चाळीच्या गॅलरीत आमच्या वाट्याला दोन फूट होते. ही रांगोळी आमच्या दारात कधीच पडली नाही, पडणारही नव्हती. ती कोणत्याही सणासाठी नव्हती, पाहुण्यांसाठी नव्हती. दुपारची भांडी झाल्यावर आईने ती स्वतःसाठी काढली.

संग्रहालयातल्या त्या गृहस्थांना आता मी हे पान दाखवीन.