कानशीपासून शिक्षण-कारखान्यापर्यंत

अभियांत्रिकी शिकणारा मुलगा यंत्रशाळेत पहिल्यांदा शिरतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा लोखंडाचा एक तुकडा आणि कानस येते. तुकडा वाइसमध्ये आवळायचा, कडा काटकोनात आणायच्या, जोडीच्या तुकड्यात तो चपखल बसवायचा आणि गुण घ्यायचे. पुढे त्या तुकड्याचं काय होतं? तो भंगारात जातो. हा रिवाज का पडला, हे समजायला थोडं मागे जायला हवं.

1868 च्या सुमारास मॉस्कोच्या शाही तंत्रशाळेचे संचालक व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी एक नवी पद्धत घालून दिली. त्यापूर्वी कसब म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राबून, पाहून पाहून उचलण्याची गोष्ट. आपल्याकडे सुताराचा मुलगा तसाच शिके. डेला-व्हॉस यांनी प्रत्येक कसबाची फोड केली. आधी अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं, त्याप्रमाणे सुतारकाम, लोहारकाम, कातकाम यांतले मूळ धडे त्यांनी सोप्याकडून अवघडाकडे लावले. शिकण्याची यंत्रशाळा वेगळी केली आणि माल घडवण्याची वेगळी. एक शिक्षक एकाच वेळी पुष्कळांना शिकवू लागला, हा मोठाच लाभ. 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेचे अध्यक्ष जॉन रंकल ते पाहून इतके भारले, की त्याच साली त्यांनी आपल्या संस्थेत तशी शाळा काढली. आपला कानशीचा धडा याच कुळातला.

पण अमेरिकेतच दुसराही एक पंथ होता. वूस्टर गावात इचाबोड वॉशबर्न या तारेच्या कारखानदाराच्या देणगीतून 1868 मध्ये एका तंत्रविद्यालयाची यंत्रशाळा उभी राहिली. तिथे पगारी कारागीर होते, विकाऊ माल तयार होई आणि विद्यार्थी त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करीत. मॉस्कोपंथी म्हणत, बाजाराची घाई शिकण्यावर कुरघोडी करते. वूस्टरवाले उत्तर देत, गिऱ्हाईक, किंमत आणि वेळ यांची गाठच पडली नाही, तर मुलगा शिकला काय? दोघांचंही खरं होतं, आणि तिथेच खरी अडचण होती.

आपल्याकडे पुण्यात 1854 साली इंजिनिअरिंगचा वर्ग आणि मेकॅनिकल स्कूल निघालं ते सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. मुंबईत 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, त्या काळी शहर गिरण्यांनी गजबजलेलं होतं. म्हणजे शाळा आणि उद्योग यांचं नातं आपल्यालाही नवं नाही.

त्या जुन्या वादावर तोड निघाली ती फार उशिरा. 1994 मध्ये अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘लर्निंग फॅक्टरी’ हा शब्द रूढ होऊ लागला. 2007 मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट तंत्रविद्यापीठाने असाच शिक्षण-कारखाना उघडला. तिथे हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर तयार होतात, म्हणजे वस्तू खरी आणि कामाची साखळीही पुरी. मात्र कारखाना चालतो तो शिकण्यासाठी. तिथे चूक झाली तर नुकसानीचा हिशेब मांडत नाहीत, तिचं कारण शोधतात. 2016 मध्ये त्याच विद्यापीठाने ऊर्जेची काटकसर शिकवणारा दुसरा कारखाना उभारला. एका यंत्राची वाया जाणारी उष्णता दुसऱ्या यंत्राला किंवा इमारतीला पुरवायची, अशी तिथली रचना आहे. यंत्रं, वीज आणि भिंती यांना तिथे एकाच हिशेबात बसवलं आहे.

हे ऐकून कोणी म्हणेल, ‘जर्मनांना परवडतं, आपल्याला कुठून?’ पण जोडणीचं मर्म महागड्या पडद्यांत नाही. आपल्या यंत्रशाळेत सुतारकाम, ओतकाम, कातकाम आणि फिटिंग हे विभाग असतातच, फक्त ते शेजारी असूनही एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. सुताराच्या विभागात लाकडी साचा करावा, त्यावरून ओतशाळेत भाग ओतावा, लेथवर तो कातावा, फिटिंगमध्ये जोडावा आणि शेवटी एक छोटा पंप पाणी ओढताना दिसावा. प्रत्येक यंत्राला विजेचं मीटर लावावं, निघणारं भंगार तोलावं आणि जे वितळतं ते पुन्हा भट्टीत घालावं. नोंदी एकाच ठिकाणी आल्या, की कुठे वेळ गेला, कुठे वीज गेली, हे मुलं आपणच वाचू लागतील.

कानस टाकून द्या, असं मी म्हणत नाही. अक्षरं गिरवावीच लागतात. पण दीडशे वर्षं नुसती अक्षरंच गिरवून घ्यायची आणि वाक्य लिहायला मात्र मुलाला थेट कारखान्यात पाठवायचं, हे काही शहाणपण नव्हे. तो पहिल्या दिवशी तिथे अडखळतो, आणि आपण त्यालाच कच्चा म्हणतो!