खाशाबांचा अर्धा तास

कबड्डीच्या सामन्याआधी आपल्याकडे पोरांना काय सांगितलं जातं? घाबरू नका, मन घट्ट ठेवा, गावाचं नाव राखा. कामतघरला काय किंवा भिवंडीच्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, भाषण तेच. मनाची तयारी म्हणजे मैदानात उतरण्याआधीची पाच मिनिटं, असा आपला पक्का समज. मला तो पटत नाही. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेला पैलवान, मॅटची सवय नाही, तरी सहावा. पुढची चार वर्षं झपाटल्यासारखी मेहनत केली. पण १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कुठून आणायचे? गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. हे सगळं डोक्यावर घेऊन माणूस मॅटवर उभा राहिला. दडपण म्हणतात ते हेच की!

तिथे ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले. मग जपानच्या इशीबरोबर लांबलेली, दमवून टाकणारी कुस्ती झाली, ती हरले. आणि लगेच पुकारा झाला, रशियाच्या मामेदबेकोवशी लढा. नियम होता दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा. पण तो नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणून आपण फटाके वाजवतो. वाजवावेतच. पण मन त्यांचं कुठे कमी पडलं होतं? कमी पडला तो अर्धा तास.

पुढे या विषयाकडे नीट बघणारा माणूस निघाला तो पोलीस खात्यातून. नाशिकचे भीष्मराज बाम. स्वतः पिस्तूल नेमबाज. श्वास, योग, शरीर सैल सोडणं, आपला खेळ आधी मनात खेळून बघणं, हे त्यांनी खेळाडूंकडून रोजच्या सरावासारखं करून घेतलं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणारी अंजली भागवत त्यांच्याकडे शिकली, राहुल द्रविडनेही त्यांचा सल्ला घेतला. २०१७ ला बामसर गेले. त्यांचं काम आपल्या तालुक्यापर्यंत किती पोचलं, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःच्या मंडळाला विचारावा.

आता कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक फेरीत पुढे होता, एक नेम वाईट गेला आणि चौथ्या जागी घसरला. असा घाव पोराला वर्षभर झोपू देत नाही. तरी १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला त्याने कांस्य घेतलं, खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक पदक. त्या दिवशी काय केलं, हे त्याने नंतर सांगितलं: सकाळी फक्त कोरा चहा घेतला, छाती धडधडत होती, श्वासावर लक्ष ठेवलं, वेगळं काही करायला गेलो नाही. भीती गेली नव्हती, हे लक्षात घ्या. तिच्यासकट नेम धरायची सवय लावलेली होती. आणि पाठीशी दीपाली देशपांडेंसारखी प्रशिक्षक होती, स्वतः ऑलिंपिक खेळलेली.

आपल्याकडे काय चालतं बघा. सातचा सामना अकराला सुरू होतो. संघ कोपऱ्यात ताटकळत, वडापाव खात बसतो. मध्येच पाहुण्यांचे सत्कार, नारळ, शाली. आपला नंबर कधी ते कुणी सांगत नाही, आणि अचानक माईकवर नाव पुकारलं जातं, दोन मिनिटांत मैदानात या! पोरगा पहिल्याच चढाईत बाद झाला की आपण म्हणतो, दम नाही याच्यात.

येत्या मोसमात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझं एवढंच मागणं आहे. सामन्यांच्या वेळा आदल्या दिवशी फलकावर लावा आणि पाळा. एकाच संघाचे दोन सामने असतील तर मधली विश्रांती नियमात लिहा. प्रत्येक संघाबरोबर नियम माहीत असलेला, पंचांपुढे तोंड उघडणारा एक मोठा माणूस असू द्या. सत्कार शेवटी ठेवले तरी पाहुणे रागावणार नाहीत. रागावले तर मला फोन लावून द्या, मी बोलतो.