नर्मदेकाठचा समुद्र: माशाच्या एका दाताची साक्ष

जबलपूरपासून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या शहराभोवतीचे खडक एके काळी समुद्रकिनारी साचले की नदीच्या मैदानात, यावर भूवैज्ञानिकांमध्ये अनेक दशके वाद झाला. डायनासोरांची अवाढव्य हाडे हा वाद मिटवू शकत नव्हती, कारण जमिनीवरील प्राण्याचे शव नदीबरोबर वाहत समुद्रातही पोहोचू शकते. मासा मात्र पाण्यातच जगतो. म्हणून पाणी खारे होते की गोडे, याची साक्ष माशांच्या लहानशा दातांकडे मागितली गेली.

या खडकांना लमेटा स्तर म्हणतात. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून हे नाव पडले. 1828 मध्ये विल्यम स्लीमन या लष्करी अधिकाऱ्याला जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर मोठी हाडे सापडली. त्यांच्या आधारे रिचर्ड लिडेकर यांनी 1877 मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. भारतातील डायनासोर संशोधनाची ही सुरुवात होय.

हेच स्तर दक्षिणेला नागपूर आणि चंद्रपूरच्या परिसरातही आढळतात. तेथील जीवाश्मांकडे प्रथम लक्ष वेधणाऱ्यांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे प्रमुख होते. पुढे 1908 मध्ये आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी वरोऱ्याकडील डोंगरगावच्या लमेटा स्तरांतील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एकाला त्यांनी हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ ‘इओसेरॅनस हिस्लोपी’ म्हटले. उरलेल्या दोन माशांनी मात्र कोडे निर्माण केले. ‘पिक्नोडस लॅमेटी’ ज्या कुळातला, त्या कुळातील बहुतेक मासे उथळ समुद्रात राहत आणि गोटीसारख्या गोल दातांनी शिंपले फोडून खात. ‘लेपिडोस्टियस इंडिकस’ हा गार माशांपैकी. आजचे गार मासे उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या नद्या-तळ्यांत राहतात. एकाच गावच्या खडकांतील दोन साक्षीदार दोन वेगळे पत्ते सांगत होते.

त्यानंतर आणखी एक साक्षीदार पुढे आला. कोकणच्या बाजारात पाकट विकत घेणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल: चपट्या अंगाचा, पंख पसरून तळाशी वावरणारा मासा. पाकटाचा सांगाडा कूर्चेचा असल्यामुळे तो सहसा टिकत नाही. फरसबंदीसारखे एकमेकांना भिडलेले, कवच चिरडणारे दात मात्र टिकतात. हेन्री कॅपेटा यांनी 1972 मध्ये आफ्रिकेतील नायजर देशातून अशा दातांवरून ‘इग्डाबॅटिस’ ही प्रजाती ओळखली. 1993 मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि कॅपेटा यांनी दख्खनच्या लाव्हाथरांशी संलग्न गाळातून तिची भारतीय जाती, ‘इग्डाबॅटिस इंडिकस’, प्रसिद्ध केली. या दातांचे मोल दुहेरी होते. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरच्या टप्प्याची खूण म्हणून त्यांनी लाव्हाच्या उद्रेकाचा काळ ठरवण्यास मदत केली. शिवाय समुद्र जवळ असल्याचा संशयही बळावला.

जबलपूरमध्ये समुद्राचा पक्ष तोवर मांडला गेलाच होता. चार्ल्स मॅटली यांनी 1921 मध्ये या स्तरांचे सविस्तर वर्णन केले होते. पुढे 1981 मध्ये इंद्रबीर सिंह यांनी खडकांतील थरांची रचना आणि बिळांच्या खुणा पाहून हा भरती-ओहोटीचा, खाडीचा प्रदेश असल्याचे प्रतिपादन केले. 1987 मध्ये मायकेल ब्रूकफील्ड आणि अशोक साहनी यांनी त्याच खडकांत प्राचीन मृदा ओळखल्या आणि निमकोरड्या हवामानातील नदीचे मैदान उभे केले. पुढे एस. के. टंडन आणि सहकाऱ्यांनी चुनखडीयुक्त मृदांचा अभ्यास करून या मताला बळ दिले. डोंगरगावच्या बाजूला धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये हे स्तर सागरी नसल्याचे दाखवले.

मग माशांची साक्ष खोटी ठरली काय? नाही, तिचा अर्थ अधिक काटेकोर झाला. दात कोणाचा, हे शरीररचनेवरून ठरते. तो मासा कोठे राहत होता, हे मात्र केवळ कुळावरून ठरत नाही. आज ॲमेझॉनच्या खोऱ्यात समुद्रापासून फार दूर गोड्या पाण्यातील पाकटे राहतात. त्यांचे पूर्वज सागरी होते. बिळांचेही तसेच: खेकडा खाडीच्या चिखलात बीळ करतो आणि भातशेताच्या बांधातही. मृदा मात्र जेथे तयार होते, तेथेच खडकात जतन होते. ती वाहून येत नाही. म्हणून अधिवासाच्या प्रश्नात मृदेचा शब्द दाताहून वजनदार ठरतो.

समुद्राची शक्यता मात्र संपूर्ण मध्य भारतासाठी निकालात निघालेली नाही. 2009 मध्ये गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे, दोन लाव्हाथरांमधील गाळात, तरंगत्या फोरामिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांची कवचे नोंदवली. ती डायनासोरांच्या अस्तानंतरच्या लगतच्या काळातील आहेत. म्हणजे समुद्राचा एखादा फाटा या भागापर्यंत पोहोचला असावा. पण म्हणून जबलपूरचे त्याहून जुने खडक किनाऱ्यावरचे ठरत नाहीत. प्रत्येक गावाच्या, प्रत्येक थराच्या पाण्याचा निवाडा स्वतंत्रपणेच करावा लागतो.

संग्रहालयातील जीवाश्माच्या चिठ्ठीवर नाव, वय आणि अधिवास अशा तीन ओळी असतील, तर त्या तिन्ही सारख्याच पुराव्यावर उभ्या आहेत असे मानू नये. पहिली ओळ दात सांगतो. दुसरीसाठी त्याची दूरदेशीच्या नमुन्यांशी तुलना करावी लागते. तिसरीसाठी पुन्हा टेकडीवर जाऊन, दात ज्या मातीत सापडला ती माती वाचावी लागते.