घरपट्टीचे बंड

कर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दिल्ली येते. पण माणसाच्या उंबऱ्यापर्यंत येतो तो कर घरपट्टीचा. त्याने राज्य कसे हालते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्नियात पाहावे.

तेथे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. घरांची किंमत ठरविणारा अधिकारी लोकांच्या मतांवर निवडून येई. म्हणून पुष्कळ ठिकाणी तो राहत्या घरांची किंमत बेताने धरी आणि धंद्यांवर भार अधिक टाकी. या मोकळिकीत लाचलुचपत शिरली. तेव्हा १९६६ साली कायदा झाला, की सर्व मालमत्तेची आकारणी बाजारभावाच्या २५ टक्के या एकाच मापाने व्हावी. कायदा प्रामाणिक होता. पण घरावरचे जुने छत्र त्याने काढून घेतले. पुढे १९७० नंतर घरांचे भाव भडकले. घर तेच, मिळकत तीच, पट्टी मात्र चढती! घराचा भाव वाढला म्हणून काही चुलीवरचे भांडे भरत नाही.

विधिमंडळ घोळ घालीत बसले. राहत्या घरांना धंद्यांहून कमी दर लावता यावा, असा तोडगा त्याने काढला. पण फार उशिरा. ६ जून १९७८ रोजी लोकांनी तो नाकारला आणि तेरावा प्रस्ताव सुमारे ६५ टक्के मतांनी संमत केला. पट्टी किमतीच्या एक टक्क्यापुरती. पाया १९७५ च्या किमतीचा. आकारणीत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढ नाही. नवी आकारणी विक्री वा नवे बांधकाम झाल्यावरच.

म्हातारीचे घर वाचले, हे खरे. पण तेच छत्र कंपन्यांच्या मालमत्तेवरही आले, आणि कंपनी ना म्हातारी होते, ना सहसा जागा विकते. ग्रामीण काउंट्यांची गत तर आणखी निराळी. आल्पाइन काउंटीत नऊ-दशांशांहून अधिक जमीन सरकारी. तिच्यावर पट्टी बसत नाही. शेतजमिनीला १९६५ च्या कायद्याने सवलत दिलेली; तिची राज्याकडून मिळणारी भरपाई २००९ साली जवळजवळ बंद पडली. रस्ता, वाचनालय, दवाखाना यांसाठी हात पसरावयाचा तो राजधानीपुढे. धंद्यांचे छत्र काढण्याचा प्रस्ताव २०२० साली आला, तोही थोडक्यात पडला.

श्रोतेहो, तेथील संघटित कामगारांनी तेराव्या प्रस्तावाला विरोध केला होता. त्यांची भीती रास्त होती. पण घरमालकाचे दुखणेही खरे होते. आम्ही चळवळीतली माणसे यातून एवढेच शिकतो, की खऱ्या दुखण्यावर न्याय्य औषध वेळेवर दिले नाही, तर लोक मिळेल ते औषध घेतात. आणि त्याची किंमत पुढल्या पिढ्या भरीत राहतात.