कळणाऱ्या भाषेतली प्रार्थना

देवासमोर जे म्हटलं जातं, ते आपल्याला कळतं का? या प्रश्नाचा एक जुना इतिहास आज सांगते. तो मराठी बोलणाऱ्या कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा आहे.

1579 साली थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू गोव्यात आले. तिथं पोर्तुगिजांचं राज्य होतं. जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांच्या जुन्या पोथ्या बंद झाल्या होत्या. ऐकायला पुराण उरलं नव्हतं. फादर स्टीफन्स मराठी शिकले आणि त्यांनी येशूची कथा ओवीत लिहिली. ज्ञानेश्वरी ओवीतच आहे, आणि आपल्या आज्या जात्यावर ओवीच म्हणायच्या. सुमारे 11 हजार ओव्यांचं हे 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापलं गेलं. आपल्या उंब्रजला मारुती स्थापणारे समर्थ रामदास तेव्हा आठ वर्षांचे होते! अक्षरं रोमन होती, पण वाचून दाखवलं की कानाला मराठीच.

पुढं वारं फिरलं. 1684 साली गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. पण बोली अशी हुकमानं मरत नाही. इकडं वसईत बघा. 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. तिथल्या ख्रिस्ती शेतकरी घरांनी मात्र आपला धर्मही ठेवला आणि मराठीही.

तरी एक अडचण होतीच. कॅथलिकांची रविवारची मुख्य उपासना म्हणजे मिस्सा. येशूनं शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाची ती आठवण. ती लॅटिनमध्ये चाले. बायका हातात माळ घेऊन जप करत बसायच्या. श्रद्धा होती, पण शब्द कळत नव्हते. 1962 ते 1965 या काळात रोमला जगभरच्या बिशपांची परिषद भरली. 1963 साली तिनं लोकांच्या भाषेत उपासना करायला वाट मोकळी केली. मग वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होऊ लागली. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं. 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

भाषा कळण्याचं मोल किती? कॅथलिक धर्मात सात संस्कार आहेत: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापाची कबुली, आजाऱ्याला तेलाचा अभिषेक, धर्मगुरूची दीक्षा आणि लग्न. त्यातलं लग्न बघा. तिथं वधूला स्वतःच्या तोंडानं होकार द्यावा लागतो. बापानं किंवा भावानं दिलेला चालत नाही. तिचा होकार नसेल तर ते लग्नच नाही. आणि न कळलेल्या शब्दांना दिलेला होकार कसला होकार?

धर्म कोणताही असो, ही गोष्ट आपल्या कामाची आहे. बचत गटाचा ठराव असो, कर्जाचा कागद असो, नाहीतर लेकीच्या लग्नाची बोलणी. आपल्या नावानं जे बोललं जातं, ते आधी आपल्या भाषेत सांगायला लावा. चारशे वर्षांपूर्वी परदेशातून आलेला माणूस त्यासाठी मराठी शिकला. मग "मला समजेल असं सांगा" म्हणायला आपण का लाजावं?