वारणेच्या अलीकडे

दिवा नीट धरा. तेल सांडलं तर सुईण ओरडेल, आणि आधीच तिच्या कपाळाला घाम फुटलाय.

शनिवार, २६ फेब्रुवारी १८८७. आष्टं अजून सातारा जिल्ह्यात आहे. तुम्ही या घरातली धाकटी सून. बाहेर खळ्यावर शाळूची कणसं पडलीत, चवथीची कोर मावळायला आलीय. आत थोरल्या जावेला कालपासून कळा येताहेत. मूल आडवं आहे. सुईण पोटाला तेल चोळते, चाचपते, थांबते, पुन्हा चाचपते. तिला अडाणी म्हणायची घाई करू नका. बाहेरून हातानं मूल वळवायची युक्ती शिकलेले डॉक्टरही वापरतात. तिच्याकडे नाही ते क्लोरोफॉर्म आणि कार्बोलिक.

डॉक्टरचं नाव तुम्ही काढून बघता.

"परक्या बाप्याम्होरं?" सासूबाई वर बघतसुद्धा नाहीत. "मेली तरी चालंल."

चारच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत एक अठराव्या वर्षात असलेली मुलगी नेमकं हेच सांगत होती: बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत, म्हणून इथं बाई डॉक्टर हवी. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी बाळंत झालेली, दहा दिवसांचं मूल गमावलेली. त्याच एप्रिलात ती नवऱ्याला इथंच ठेवून कलकत्त्याहून बोटीत बसली. फिलाडेल्फियाचं बायकांचं वैद्यकीय कॉलेज १८५० पासून चालू होतं. ११ मार्च १८८६ रोजी तिनं तिथली पदवी घेतली. प्रबंधाला विषय घेतला आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे ही खोली, हा दिवा, हे बाजलं.

"कोलापुरात बाई डागदर येनार हाय म्हनं," दाराआडून दीर बोलतात. गूळ घालायला गेले होते, तिथं ऐकून आलेत. "इलायतीस्नं शिकून."

विलायत नव्हे, अमेरिका. पण खबर खरी आहे. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या बायकांच्या वॉर्डासाठी कोल्हापूर संस्थानानं तिला ती परतायच्या आधीच नेमलंय. गाव तिला नवखं नाही. नवरा गोपाळराव तिथं टपालखात्यात होते तेव्हा ती तिथं राहून गेलीय.

सासूबाई सुईणीकडे बघतात. सुईण मान हलवते. गाडी जुंपा.

दहा-बारा कोस. गाडीत कडबा, त्यावर वाकळ, वर थोरल्या जाऊबाई, उशाशी तुम्ही. बागणी मागं पडते. पुढं वारणा, पलीकडे इंग्रजी अंमल संपतो, कोल्हापूरचा सुरू होतो. कोल्हापूरला आगगाडी यायला चार वर्षं आहेत, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलला सात. हे गाडीत फक्त तुम्हालाच ठाऊक आहे.

आणखीही एक गोष्ट तुम्हालाच ठाऊक आहे. नोव्हेंबरात मुंबईला उतरली तेव्हाच आनंदीबाईला क्षयानं पोखरलं होतं. कोल्हापुरात ती रुजू झालीच नाही. आज रात्री, पुण्यात, ती जाणार आहे. महिनाभरानं तिला बावीस पुरी झाली असती.

तिला 'पहिली' बाई डॉक्टर म्हणून ओवाळायची आपल्याला फार हौस. चरित्रं, नाटक, सिनेमा. या कडब्यावर बसलं की त्या शब्दाचं फारसं काही वाटत नाही. आष्ट्याच्या वाट्याला तिचं शिक्षण आलंच नाही. आली ती वॉर्डातली एक भरलेली म्हणून लिहिलेली, पण रिकामी जागा. पुढं त्याच हॉस्पिटलात कृष्णाबाई केळवकर डॉक्टर म्हणून उभ्या राहतील, शाहू महाराजांच्या पाठबळावर शिकून. पण आज त्या शाळकरी पोर आहेत, आणि कळा काही थांबत नाहीत.

गाडीवानाला परत फिरव म्हणावं का? परतून जायचं कुठं?

वारणेची उतरण लागते. चाक दगडावरून घसरतं, थोरल्या जाऊबाई तुमचं मनगट घट्ट धरतात.

"ती बाई आपल्यासारखं बोलत असंल न्हवं गं? मला इंग्रजी कुठलं कळतंय."

"व्हय अक्का, बोलती की. कल्याणची हाय ती."

मनगटावरची पकड जरा सैल पडते. बैल पाण्यात उतरतात.