ओठावरचा फोड आणि अत्यवस्थ रुग्ण

ताप उतरूं लागला म्हणजे रोग्याच्या ओठांच्या कडेला बारीक, पाण्यानें भरलेल्या फोडांचा पुंजका उठतो, हें श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं आपापल्या घरीं पाहिलें असेल. फोड आठ-दहा दिवसांत खपली धरून जातात आणि त्यांची आठवणहि राहत नाहीं. परंतु याच क्षुद्र फोडाचा विषाणु कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवलेल्या अत्यवस्थ रुग्णाच्या फुप्फुसांत सांपडतो, तेव्हां तो मृत्यूचें कारण समजावा कीं दुर्बलतेची केवळ खूण, हा प्रश्न वैद्यांना चाळीसहून अधिक वर्षें छळीत आला आहे.

या रोगाचें नांव पुरातन आहे. सरपटणें या अर्थाच्या ग्रीक धातूपासून ‘हर्पिस’ हा शब्द निघाला व त्वचेवर पसरत जाणाऱ्या अनेक विकारांना तो लावीत असत. याच विषाणुकुळांतील एका रोगाला मराठींत ‘नागीण’ म्हणतात. एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन भाषांना एकच चाल दिसावी, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पुढें रोममध्यें हेरोडोटस नांवाच्या वैद्यानें (प्रसिद्ध इतिहासकार तो हा नव्हे) ज्वराच्या निर्णायक वेळीं तोंडाभोंवतीं उठणाऱ्या फोडांची नोंद केली. अनेक शतकें फोड हा ज्वराचा सोबती, एवढीच त्याची ओळख होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व्हिदाल या फ्रेंच वैद्यानें हा रोग माणसापासून माणसाला लागतो असें दाखविलें. १९२९ मध्यें गुडपास्चर या अमेरिकन शास्त्रज्ञानें असा तर्क मांडिला कीं, फोड बरा झाल्यावरहि रोगबीज नष्ट होत नाहीं. तें मज्जातंतूच्या वाटेनें जाऊन चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गांठींत दडून बसतें. १९७१ मध्यें स्टीव्हन्स व कुक यांनीं उंदरांच्या मज्जागांठींतून हा निद्रिस्त विषाणु जागा करून दाखविला, आणि लवकरच मृत माणसांच्या गांठींतहि तो सांपडला. बहुधा बालपणींच शरीरांत शिरलेला हा पाहुणा जन्मभर तेथेंच राहतो, आणि यजमान थकला कीं जागा होतो.

यजमान थकण्याचे प्रसंग पुढें एका नव्या सुधारणेनें वाढले. १९५२ मध्यें कोपनहेगन शहरांत बालपक्षाघाताची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायु लुळे पडलेल्या रोग्यांच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवावी व हातानें पिशवी दाबून त्यांना श्वास द्यावा, ही युक्ति इब्सेन या वैद्यानें सुचविली. सुमारें दीड हजार विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रात्रंदिवस हें काम केलें. त्यांतूनच आजचा अतिदक्षता विभाग जन्मास आला. पूर्वीं दोन दिवसांत दगावणारीं माणसें आतां यंत्राच्या साह्यानें आठवडेच्या आठवडे तग धरूं लागलीं. आणि त्या दीर्घ दुर्बलतेंत निद्रिस्त विषाणूहि जागे होऊं लागले.

याच सुमारास हा विषाणु प्राणघातक ठरूं शकतो हेंहि सिद्ध झालें. तो मेंदूंत शिरला असतां बहुतेक रोगी दगावत. १९७७ मध्यें व्हिटले व त्यांचे सहकारी यांनीं विडाराबीन हें औषध देऊन मृत्यूचें प्रमाण शेंकडा ७० वरून २८ वर आणिलें. नंतर असायक्लोव्हिर आलें. विषाणूनें ग्रासलेल्या पेशींतच तें मुख्यत्वें कार्यक्षम होतें. त्यामागील संशोधनांत अग्रणी असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्यें नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. मेंदूच्या रोगांत न्याय सोपा होता : विषाणु दडपला, रोगी वांचला, अर्थात् अपराधी तोच.

फुप्फुसाचा न्याय मात्र इतका सोपा निघाला नाहीं. १९८२ मध्यें टक्सेन व त्यांचे सहकारी यांना तीव्र श्वसनविकारानें आजारी असलेल्या अनेक रोग्यांच्या श्वासनलिकेंतील स्रावांत हा विषाणु आढळला. १९८७ मध्यें त्यांनींच असायक्लोव्हिर देऊन तो रोखला. पण रोग्यांची स्थिति त्यामुळें सुधारली नाहीं. २००७ मध्यें पॅरिसमध्यें ल्युइत व त्यांचे सहकारी यांनीं पांच किंवा अधिक दिवस यंत्रावर असलेले २०१ रोगी तपासले. त्यांतील १०९ जणांच्या घशांत विषाणु होता. परंतु फुप्फुसाला खरी बाधा ४२ जणांनाच झालेली होती. हर्पिसच्याच कुळांतील सायटोमेगॅलो विषाणूची गोष्टहि निराळी नाहीं. २००८ मध्यें १२० अत्यवस्थ रोग्यांच्या पाहणींत शेंकडा ३३ जणांत तो जागा झालेला दिसला, व अशा रोग्यांना रुग्णालयांत अधिक काळ राहावें लागलें.

परंतु सोबत म्हणजे कारण नव्हे. वाडा पेटला म्हणजे आंत झोंपलेला माणूस धडपडत अंगणांत येतो. तेवढ्यावरून आग त्यानेंच लाविली असें कोणी म्हणत नाहीं. जो रोगी अधिक खंगलेला, त्याचाच विषाणु अधिक जागा होणार, आणि तोच अधिक दगावणार. हा गुंता केवळ निरीक्षणानें सुटत नाहीं. त्यासाठीं चिठ्ठी टाकून निम्म्या रोग्यांना औषध व निम्म्यांना औषधासारखेंच दिसणारें निष्क्रिय द्रव्य द्यावें लागतें.

अशी परीक्षा फ्रान्समध्यें झाली व तिचा निष्कर्ष २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. घशांत विषाणु जागा झालेले २३८ रोगी तींत होते. यंत्रावांचून काढलेल्या दिवसांत दोन्ही गटांत फरक पडला नाहीं. साठ दिवसांतील मृत्यु मात्र औषध घेणाऱ्यांत शेंकडा २२, तर इतरांत ३३ होते. पण हें अंतर योगायोगाचें नसेलच, असें गणितानें खात्रीपूर्वक सांगतां येईना. म्हणजे अपराध सिद्ध झाला नाहीं, आणि निर्दोषत्वहि सिद्ध झालें नाहीं.

म्हणून विषाणु घशांत दिसला एवढ्यानेंच प्रत्येक रोग्याला औषध देणें योग्य ठरत नाहीं. कारण असायक्लोव्हिरचे स्फटिक मूत्रपिंडांत सांचून अपाय करूं शकतात, व अत्यवस्थ रोग्याचीं मूत्रपिंडें आधींच थकलेलीं असतात. उलट, फुप्फुसांतील पेशींतच त्याच्या हल्ल्याच्या खुणा दिसल्या, तर तें नाकारण्याचें साहस कोण करील ? दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘कांहीं तरी करा’ असें वाटणें अगदीं स्वाभाविक आहे. त्यांच्या व्याकुळतेचा मान राखूनहि, पुरावा जेवढा सांगतो तेवढेंच बोलणारा वैद्य त्या रोग्याचा खरा हितकर्ता होय.